सोडत एकदाच निघते: एक्सेलच्या यादीतून ६० ओळी कशा निवडाव्यात

समोर १,२४० ओळींची यादी आहे आणि सर्वेक्षणाला ६० शेतकरी हवेत. अशा वेळी वरच्या ६० ओळी उचलून मोकळं व्हायचा मोह होतो. पण यादीचा क्रम कधीच उगाच नसतो. अर्ज आले त्या क्रमाने यादी झाली असेल, तर वरचे ६० म्हणजे ज्यांना योजनेची खबर आधी लागली आणि ज्यांच्या घरातून तालुक्याला रोज कुणीतरी जातं, ते. आडनावाप्रमाणे लावली असेल तर अख्खी भावकी सलग बसते, आणि भावकीच्या जमिनी बहुतेक एकाच शिवारात, एकाच विहिरीच्या आसपास असतात. गाववार असेल तर पहिल्या गावाची वेसही ओलांडली जात नाही.

हाताने मधून मधून ओळी निवडल्या तरी तोच दोष राहतो. माणूस निवडायला बसला की पहिली आणि शेवटची ओळ टाळतो, लागोपाठच्या दोन ओळी घेत नाही, ओळखीचं नाव दिसलं की थबकतो. खऱ्या सोडतीला असला संकोच नसतो. १,२४० मधून ६० ओळी चिठ्ठ्या टाकून काढल्या, तर कुठे ना कुठे दोन शेजारशेजारच्या ओळी निघण्याची शक्यता तब्बल ९५ टक्के असते. ज्या नमुन्यात सगळ्या ओळी छान अंतरा-अंतरावर आहेत, तो बहुधा हाताने काढलेला असतो.

आता प्रत्यक्ष काम. खाली सूत्रांची नावं देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

सोडतीच्या आधी यादी नीट करावी लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो. पहिला प्रश्न: एक ओळ म्हणजे नेमकं काय? सातबाऱ्यावरून बनवलेल्या यादीत बहुतेक वेळा एक ओळ म्हणजे एक गट नंबर. ज्याचे पाच गट आहेत तो शेतकरी पाच ओळींत आहे, म्हणजे त्याची चिठ्ठी डब्यात पाच वेळा पडली. मोठ्या शेतकऱ्याला जास्त संधी मिळते आणि सरासरी क्षेत्र फुगून येतं. शेतकऱ्यांबद्दल बोलायचं असेल तर एका खात्याला एकच ओळ हवी, म्हणून आठ-अ वरचा खाते क्रमांक धरून यादी पुन्हा बांधावी. सामाईक खात्यात तीन भावांची नावं एकाच सेलमध्ये असतात. त्यांना एक धरायचं की तीन, हे सोडतीच्या आधी ठरवून लिहून ठेवावं. नंतर ठरवलं तर समोर आलेली नावं पाहून ठरवलं जातं.

मग कचरा काढायचा. पीडीएफवरून आलेल्या यादीत प्रत्येक पानाचं शीर्षक मध्ये मध्ये परत येतं, खाली ‘एकूण’ची ओळ असते, दोन गावांच्या मध्ये रिकामी ओळ असते. ‘एकूण’ची ओळसुद्धा सोडतीत निघू शकते. गावाचं नाव मर्ज केलेल्या सेलमध्ये असेल तर सॉर्ट अडतं. मर्ज काढलं की नाव फक्त पहिल्या ओळीत उरतं आणि खालच्या ओळी रिकाम्या होतात. तो कॉलम निवडून कंट्रोल+जी, स्पेशल, ब्लँक्स घ्यावं, मग बरोबरचं चिन्ह टाइप करून वरचा बाण दाबावा आणि कंट्रोल+एंटर करावं. सगळ्या रिकाम्या सेलमध्ये वरचं गाव उतरतं. लगेच कॉलम कॉपी करून व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करावा, नाहीतर सॉर्टनंतर प्रत्येक सेल भलत्याच ‘वरच्या’ सेलकडे बघू लागेल.

गट नंबरचा एक खास घोटाळा आहे. १२/३ हा गट एक्सेलमध्ये टाकला की त्याची १२ मार्च ही तारीख होते. ही फक्त दिसण्याची चूक नाही. आत तारखेचा आकडा साठवला जातो आणि मूळ १२/३ परत मिळत नाही. म्हणून पेस्ट करण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करावा. सीएसव्ही फाइल असेल तर डबल क्लिकने न उघडता डेटा मेनूतल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणून तिथे कॉलमचा प्रकार टेक्स्ट द्यावा. खाते क्रमांकांच्या पुढची शून्यंही यानेच वाचतात.

दुबार नावं शोधताना मराठीची एक अडचण येते. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण आतले कोड वेगळे असल्याने जुळणी चुकते. जादा मोकळ्या जागा काढणाऱ्या ट्रिमने हे चिन्ह जात नाही. त्यासाठी शेजारी एक जुळणीचा कॉलम करावा (मूळ नाव बी कॉलममध्ये आहे असं धरून):

=सबस्टिट्यूट(ट्रिम(बी२), "र्"&युनिचर(८२०५), "ऱ्")

आणि दुबारपणा या कॉलमवर तपासावा. यादीचा काही भाग जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये असेल, तर फाँट बदलल्याबरोबर नावांच्या जागी अगम्य रोमन अक्षरं दिसतात. तो भाग आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय जुळणी करण्यात अर्थ नाही. ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ लगेच दाबू नये. ते पहिली ओळ ठेवून बाकीच्या न दाखवता उडवतं. आधी काउंटइफ्सने गाव आणि खाते क्रमांक एकत्र मोजून दोनपेक्षा जास्त वेळा किंवा दोनदा आलेल्या ओळी डोळ्यांनी बघाव्यात, मग काढाव्यात.

यादी स्वच्छ झाली की (त्यात १,२४० ओळी उरल्या असं धरून) पहिल्या कॉलममध्ये १ ते १,२४० मूळ क्रमांक टाकायचे. सूत्राने नव्हे, आकडे म्हणून. ‘वरचा अधिक एक’ असं सूत्र सॉर्ट झालं की विस्कटतं. हाच क्रमांक पुढे सगळ्याचा साक्षीदार असतो.

आता सोडत. शीर्षक पहिल्या ओळीत, माहिती ए ते एफ कॉलमांत आणि दुसऱ्या ओळीपासून १,२४१ व्या ओळीपर्यंत आहे असं धरू. सगळे फिल्टर काढा. जी२ मध्ये

=रँड()

लिहून खालपर्यंत भरा. रँड शून्य ते एकच्या मधला आकडा देतं; शून्य येऊ शकतो, एक येत नाही. एक्सेल २०१० पासून यामागे मर्सेन ट्विस्टर ही पद्धत आहे, आणि नमुना काढायला ती भरपूर चांगली आहे. भरताना कोपऱ्यावर डबल क्लिक केलं तर शेजारच्या रिकाम्या सेलपाशी भरणं मध्येच थांबू शकतं, म्हणून कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये =काउंट(जी२:जी१२४१) लिहून उत्तर १,२४० येतंय ना, ते बघा.

पुढची पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते: आकडे गोठवणं. रँड दर वेळी नवा आकडा काढतं. कुठल्याही सेलमध्ये काहीही टाइप केलं, फाइल उघडली, एफ९ दाबलं की अख्खा कॉलम बदलतो. गोठवल्याशिवाय सॉर्ट केलं तर ओळी हलतात, पण हलल्याबरोबर आकडे पुन्हा बदलतात, त्यामुळे जी कॉलम चढत्या क्रमात दिसतच नाही. सॉर्ट झालंच नाही असं वाटून लोक पुन्हा सॉर्ट करतात, पुन्हा करतात, आणि शेवटी नमुना कितव्या वेळेचा आहे ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून: जी कॉलम निवडा, कंट्रोल+सी, मग कंट्रोल+ऑल्ट+व्ही, व्ही, एंटर. गुगल शीटमध्ये कंट्रोल+शिफ्ट+व्ही. सेलवर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत सूत्राऐवजी आकडा दिसला म्हणजे गोठलं.

मग तक्त्यातल्या कुठल्याही एका सेलवर क्लिक करून डेटा, सॉर्ट, कॉलम जी, लहानाकडून मोठ्याकडे. ‘माय डेटा हॅज हेडर्स’वर खूण हवी. सॉर्ट झालं की वरच्या ६० ओळी म्हणजे नमुना. फक्त जी कॉलम निवडून सॉर्ट करू नका. एक्सेल विचारतं, ‘एक्स्पांड द सिलेक्शन’ करू का. घाईत नको म्हटलं तर फक्त आकडे चढत्या क्रमाने लागतात आणि नावं जागची हलत नाहीत. वरच्या ६० ओळी त्याच राहतात ज्या टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, आणि शेजारी मात्र सुबक चढते आकडे. ही चूक पुढे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन खुणांवरून सॉर्ट बरोबर झालं की नाही ते कळतं. ए कॉलम बघा: वरच्या ओळींत ८१७, ५६, १,१०३ असे इकडचे तिकडचे मूळ क्रमांक हवेत, १, २, ३ दिसले तर ओळी हलल्याच नाहीत. दुसरी खूण साठाव्या ओळीतल्या जी कॉलमच्या आकड्याची. १,२४० आकडे शून्य ते एकमध्ये सारखे पसरले तर साठावा आकडा ०.०४८ च्या जवळ यायला हवा; ०.०३६ ते ०.०६१ एवढं मागेपुढे चालतं. तिथे ०.१ दिसला तर अर्ध्या ओळींना आकडेच नाहीत, किंवा कुठला तरी फिल्टर लागलेला आहे आणि फक्त दिसणाऱ्या ओळी सॉर्ट झाल्या आहेत.

नव्या एक्सेलमध्ये हे एका ओळीत होतं:

=टेक(सॉर्टबाय(ए२:एफ१२४१, रँडॲरे(१२४०)), ६०)

गुगल शीटमध्ये:

=सॉर्टएन(ए२:एफ१२४१, ६०, ०, रँडॲरे(१२४०, १), ट्रू)

दोन्ही चालतात, पण मला वेगळा कॉलमच पसंत आहे. ही सूत्रं ६० ओळी देतात आणि त्या का निघाल्या याचा पुरावा ठेवत नाहीत. यादृच्छिक (रँडम) आकडे सूत्राच्या पोटातच राहतात. शिवाय शीटला हात लागला की ६० चे ६० बदलतात. गुगल शीटमध्ये दुसरं कुणी फाइलमध्ये काम करत असेल तर त्याच्या टायपिंगनेही बदलतात. गुगल शीटच्या डेटा मेनूत ‘रँडमाइझ रेंज’ही आहे, ते निवडलेल्या भागापुरत्याच ओळी पिसतं, म्हणून सगळे कॉलम निवडले नाहीत तर एकाचं नाव दुसऱ्याच्या जमिनीला चिकटतं. लिब्रेऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांना मात्र एक सोय आहे: ‘शीट’ मेनूतल्या ‘फिल रँडम नंबर’मध्ये बीज-आकडा देता येतो, आणि तोच आकडा दिला की तेच यादृच्छिक आकडे परत मिळतात.

रँडबिटवीन टाळा. =रँडबिटवीन(२, १२४१) ६० वेळा लिहिलं तर तोच ओळ-क्रमांक पुन्हा येऊ शकतो, आणि वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा येतो. हजार ओळींतून ५० क्रमांक असे काढले तर निदान एक तरी दुबार असण्याची शक्यता ७१ टक्के. मग दुबार काढून नवा क्रमांक घ्यायचा, तोही दुबार निघायचा, आणि प्रत्येक वेळी सगळे आकडे पुन्हा बदलायचे. एक्सेलच्या डेटा ॲनालिसिस टूलपॅकमधलं ‘सँपलिंग’ही एकदा निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकतं, म्हणून तिथेही दुबार येतात, आणि त्याला फक्त आकडे चालतात, नावं चालत नाहीत.

चार गावं असतील तर सरळ सोडतीत लहान गावाला एखादीच ओळ येईल ही भीती रास्त आहे. गावं ५२०, ४१०, २३० आणि ८० खात्यांची असतील, तर ६० ची वाटणी त्याच प्रमाणात करावी: ५२० ला ६० ने गुणून १,२४० ने भागलं की २५.२, तसंच १९.८, ११.१ आणि ३.९. म्हणजे २५, २०, ११ आणि ४. आकडे गोठवून झाल्यावर सॉर्टमध्ये दोन पातळ्या द्या: आधी गाव, मग जी कॉलम. गाव सी कॉलममध्ये असेल तर एच२ मध्ये

=इफ(सी२=सी१, एच१+१, १)

लिहून खाली भरा. प्रत्येक गावात १ पासून क्रम लागतो. पहिल्या गावात २५ पर्यंतचे घ्या, दुसऱ्यात २० पर्यंतचे, असं. हा कॉलमही पुढच्या सॉर्टच्या आधी गोठवा. काही जण सॉर्ट न करता काउंटइफ्समध्ये "<"&जी२ असा निकष देऊन गावातला क्रम काढतात. त्यात एक बारीक खोट आहे: आकडा अक्षरांत जाताना १५ अंकांवर गोल होतो, आणि कधी कधी ओळ स्वतःलाच स्वतःपेक्षा लहान धरते. दोन ओळींना सारखा क्रम येतो किंवा मधला एक क्रम गायब होतो.

८० खात्यांच्या गावाबद्दल वेगळं काही सांगायचं असेल तर ४ घरं पुरत नाहीत. तिथून १० घ्या, पण मग एकूण सरासरी काढताना त्या गावाच्या प्रत्येक ओळीला वजन द्यावं लागतं: तिथली एक ओळ ८ खात्यांच्या वतीने बोलते, पहिल्या गावातली जवळपास २१ खात्यांच्या वतीने.

दर विसावी ओळ घेण्याची पद्धतही वाईट नाही, कागदी रजिस्टरवर तर तीच सोयीची. १,२४० भागिले ६० म्हणजे २०.६७. हे अंतर गोल करू नका; २० केलं तर ६२ ओळी येतात. शून्य ते २०.६७ मधला एक यादृच्छिक आकडा घ्या, समजा ७.३, त्यात २०.६७ मिळवत जा आणि प्रत्येक उत्तर वरच्या पूर्णांकात न्या: ८, २८, ४९, ७०, असं पुढे. सावध राहायचं ते यादीतल्या लयीपासून. बचत गटांच्या यादीत दहा-दहा बायकांचे गट आणि प्रत्येक गटात अध्यक्ष पहिली, सचिव दुसरी असेल, आणि तुम्ही दर विसावी ओळ घेतली, तर पहिली ओळ अध्यक्षांची निघाली की सगळ्या अध्यक्षच निघतात. नाहीतर एकही नाही.

या सगळ्या तंत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट एकच: सोडत एकदाच काढायची. ६० ओळी समोर आल्या, त्यात लांबच्या वस्तीवरचे सहा आहेत, एक माजी सरपंच आहे, दोघं गावात राहतच नाहीत, आणि बोट एफ९ कडे जातं. पुन्हा दाबलं आणि जरा सोयीचा नमुना आला की तो गोठवला. त्या क्षणी यादृच्छिकता संपली. निवड पुन्हा माणसाने केली, फक्त एक्सेलच्या हाताने. हा हात कसा कलतो याचा अनुभव पिकांच्या उत्पादनाच्या मोजणीत जुना आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांवर मोठं काम केलं. शेतात कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कारण सीमेवरचं झाड आत की बाहेर, या प्रश्नावर कापणाऱ्याचा कल आत घेण्याकडे असतो, आणि लहान तुकड्याला त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने सीमा जास्त असते. त्यात कुणाचीही लबाडी नसते.

नमुना विचित्र दिसला तर पुन्हा काढण्याआधी हिशेब करा. यादीत ४० टक्के खाती बागायती असतील तर ६० मध्ये २४ अपेक्षित, पण १७ ते ३१ पर्यंत काहीही आलं तरी ते साध्या नशिबाचं काम आहे. ९ आली तर मात्र सॉर्ट किंवा यादी चुकली आहे का ते शोधा. चूक सापडली तर ती लिहून ठेवून नवी सोडत काढणं योग्य. ‘बरं वाटत नाही’ हे कारण चालत नाही. ज्याला असा नशिबाचा फेर नको असेल त्याने आधीच बागायत आणि जिरायत असे दोन भाग करून गावांसारखी वाटणी करावी.

६० ओळींत किती भागतं, हेही आधीच माहीत हवं. होय-नाही प्रकारच्या प्रश्नाला १,२४० मधल्या ६० जणांच्या उत्तरात साधारण १२ टक्के इकडे किंवा तिकडे चूक असू शकते. प्रश्नावली नीट चालते का हे बघायला किंवा नोंदी तपासायला हे पुरेसं आहे. ५ टक्क्यांच्या आत उत्तर हवं असेल तर याच यादीतून २९४ लागतात.

आणि बंद घरांचं काय करायचं, तेही सॉर्ट केलेल्या यादीतच ठरलेलं असतं. ६१ ते ७५ व्या ओळी म्हणजे राखीव यादी. बंद घर दिसलं म्हणून शेजारच्या घरी जायचं नाही. दिवसा घरी असणारी माणसं वेगळी असतात, आणि शेजार धरला की नमुना त्यांच्याकडेच झुकतो. वेगवेगळ्या वेळी, एकदा तरी संध्याकाळी, तीन फेऱ्या माराव्यात. तरीही कुणी भेटलं नाही तर ६१ वी ओळ घ्यावी, मग ६२ वी, याच क्रमाने, मधली न गाळता. गावांप्रमाणे वाटणी केली असेल तर राखीव ओळही त्याच गावातली पुढची.

फाइलमध्ये तीन शीट ठेवा. एकात आली तशी मूळ यादी, हात न लावलेली. दुसऱ्यात स्वच्छ केलेली १,२४० ओळींची यादी, मूळ क्रमांक आणि गोठवलेल्या आकड्यांसह, सगळीच्या सगळी, फक्त निवडलेल्या ६० नव्हेत. तिसऱ्यात नोंद: सोडत कोणत्या तारखेला काढली, कोणत्या एक्सेलवर, किती ओळी कोणत्या कारणाने काढून टाकल्या, कोणती राखीव ओळ कुणाच्या जागी घेतली. दुसरी शीट पासवर्ड देऊन प्रोटेक्ट करा आणि फाइलची एक प्रत त्याच दिवशी मार्गदर्शकांना किंवा टीममधल्या दुसऱ्या कुणाला तरी मेल करा, म्हणजे पहिल्या मुलाखतीच्या आधीची तारीख त्या मेलवर राहील.